स्पोर्ट्स कारचं हँडलिंग सुधारायचंय? आधी टायर ठरवा, मग रिम

स्पोर्ट्स कार हातात आली की बहुतेकांचा पहिला खर्च चाकांवर होतो. रिम्सचे फोटो पाहायचे, आवडलेली निवडायची आणि मग तिच्यावर बसेल तो टायर घ्यायचा, असा सर्वसाधारण प्रकार. गाडी नुसती उठून दिसायला हवी असेल तर ठीक आहे. वळणात ती चांगली वागायला हवी असेल तर मात्र हा क्रम उलटा करावा लागतो. रस्त्याला टेकतो तो टायर, आणि रिमचं काम त्याला नीट धरून ठेवण्याचं. म्हणून आधी टायर ठरवायचा, त्यावरून रिमची रुंदी काढायची, मग रिमचा व्यास, मग ऑफसेट (चाक किती आत किंवा बाहेर बसतं ते सांगणारं माप), आणि अगदी शेवटी डिझाइन आणि रंग. हा लेख त्याच क्रमाने जातो.

गाडीवर आधीच काय लिहिलंय ते वाचा

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणामागे एक स्टिकर असतो. कंपनीने ठरवलेलं टायरचं माप आणि पुढच्या-मागच्या टायरमधली हवा त्यावर दिलेली असते. ते लिहून घ्या. मग रिमच्या आतल्या बाजूला किंवा स्पोकच्या मागे कोरलेले आकडे शोधा. तिथे रिमचा व्यास, रुंदी आणि ऑफसेट सापडतो.

लेखभर एकच उदाहरण वापरू. समजा गाडीवर २२५/४५ आर१७ ९१डब्ल्यू हे टायर आहेत आणि रिम १७ x ७.५ इंच, ईटी४५ (म्हणजे ऑफसेट ४५ मि.मी.) आहे. यातला २२५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ४५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, तीही रुंदीच्या टक्क्यांत: २२५ चे ४५ टक्के, म्हणजे साधारण १०१ मि.मी. आर म्हणजे रेडियल आणि १७ हा रिमचा व्यास इंचांत. ९१ हा भाराचा निर्देशांक आहे, म्हणजे एक टायर ६१५ किलो पेलू शकतो. डब्ल्यू हे वेगाचं अक्षर, ताशी २७० कि.मी.पर्यंत. व्ही असेल तर २४०, वाय असेल तर ३००. ही भार आणि वेगाची पातळी कंपनीने दिलेल्यापेक्षा खाली जाऊ द्यायची नाही, मग टायर कितीही आवडो. नवशिके नेमकं हेच विसरतात, कारण दुकानदार माप विचारतो आणि मागचा आकडा आणि अक्षर कुणी सांगत नाही.

टायर किती रुंद हवा?

रुंद टायर म्हणजे जास्त रबर रस्त्याला टेकणार, म्हणून जास्त ग्रिप, असा समज आहे. प्रत्यक्षात टेकणाऱ्या भागाचं क्षेत्रफळ मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: चाकावरचं वजन आणि टायरमधली हवा. एका चाकावर ३०० किलो वजन आणि २.२ बार हवा असेल तर हिशोबाने सुमारे १३४ चौरस सें.मी. भाग टेकतो, म्हणजे बोटांसकट एका हाताच्या पंजाएवढा. टायर रुंद केला आणि हवा तेवढीच ठेवली, तर हे क्षेत्रफळ फारसं वाढत नाही. त्याचा आकार बदलतो. पुढे-मागे लांब असलेला ठसा आखूड आणि आडवा होतो.

तरीही रुंद टायरचा वळणात फायदा होतो, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. चाकावरचा भार वाढतो तसं टायर धरून ठेवण्याचं बळ वाढतं, पण त्याच प्रमाणात वाढत नाही. भार दुप्पट झाला की ग्रिप दुपटीपेक्षा कमी भरते. वळणात बाहेरच्या चाकांवर भार सरकतो, तेव्हा अरुंद टायर ही मर्यादा लवकर गाठतो. रुंद टायरमध्ये तोच भार जास्त रुंदीवर पसरतो, रबर कमी तापतं आणि आडव्या ठशामुळे स्टिअरिंगला प्रतिसाद लवकर मिळतो.

याची किंमतही मोजावी लागते. रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगायला लागतो, रस्त्यावरच्या चाकोऱ्यांमागे जातो, जास्त जड असतो आणि हवेचा विरोध वाढवतो. शिवाय हलक्या गाडीवर फार रुंद टायर घातला तर त्यावर पुरेसा भारच पडत नाही. रबर कामाच्या तापमानाला पोचत नाही आणि गाडी लाकडासारखी कोरडी वाटते. लोटस एलिझच्या दुसऱ्या पिढीच्या पुढच्या चाकांवर १७५/५५ आर१६ टायर होते. लोटसची माणसं हँडलिंगसाठी जगभर ओळखली जातात, आणि हलक्या नाकाच्या गाडीला त्यांना १७५ पुरेसे वाटले. पहिल्या माझदा एमएक्स-५ ला १८५/६० आर१४ होते. टोयोटा ८६ ही २०१२मध्ये २१५/४५ आर१७ मापाच्या, ग्रिपपेक्षा इंधनबचतीकडे झुकणाऱ्या टायरवर आली. कमी वेगातही गाडी सरकायला लागावी, चालवणाऱ्याला तिचा तोल कळावा, हा त्यामागचा विचार होता.

म्हणून माझा सल्ला असा, की पहिल्या खेपेला माप तेच ठेवून टायरचा दर्जा वाढवा. रबराचं मिश्रण आणि टायरची आतली बांधणी यांचा परिणाम १० किंवा २० मि.मी. रुंदीपेक्षा बहुधा मोठा असतो. साध्या प्रवासी टायरऐवजी चांगला परफॉर्मन्स टायर त्याच मापात घातला की गाडी बदलल्यासारखी वाटते, आणि कुठेही काही घासत नाही. उन्हाळी परफॉर्मन्स टायर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक पडतात, एवढं मात्र ध्यानात ठेवा. थंड प्रदेशात हिवाळ्यासाठी दुसरा संच लागतोच.

एवढं करूनही रुंदी हवी असेल तर एका वेळी १० किंवा २० मि.मी. वाढवा. आपल्या उदाहरणात २२५ वरून २३५ किंवा २४५.

एकूण व्यास जवळपास तोच ठेवा

टायरचा एकूण व्यास काढायची रीत सोपी आहे. भिंतीची उंची दुप्पट करायची आणि त्यात रिमचा व्यास मिळवायचा. एक इंच म्हणजे २५.४ मि.मी.

२२५/४५ आर१७: भिंत १०१.२५, दुप्पट २०२.५. रिम ४३१.८. एकूण ६३४.३ मि.मी.

आता पर्याय तपासू. २२५/४० आर१८ चा व्यास ६३७.२ येतो, म्हणजे अर्ध्या टक्क्याने जास्त. काही अडचण नाही. २३५/४० आर१८ चा ६४५.२, १.७ टक्के जास्त. २४५/४० आर१८ चा ६५३.२, म्हणजे जवळजवळ ३ टक्के जास्त. २४५/४० आर१७ चा ६२७.८, एका टक्क्याने कमी.

मूळ व्यासापासून ३ टक्क्यांच्या आत राहावं असा सर्रास पाळला जाणारा दंडक आहे. मी मात्र मोठ्या बाजूला २ टक्क्यांपलीकडे जाऊ नये असंच म्हणेन. व्यास ३ टक्के वाढला तर स्पीडोमीटर आधीपेक्षा ३ टक्के कमी दाखवतो, गिअरिंग तेवढंच लांब होतं आणि गाडी थोडी सुस्त वाटते. शिवाय ती उंचावते आणि मडगार्डच्या आतली जागा कमी होते. किंचित लहान व्यासाने उलटं घडतं: गाडी जरा खाली बसते आणि उचल घ्यायला चपळ होते. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत पुढच्या आणि मागच्या व्यासातला फरक वाढू देऊ नका. तो वाढला तर मधल्या डिफरेन्शियलवर, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या भागावर, सतत ताण येतो.

भिंतीच्या उंचीबद्दलही दोन शब्द. बुटकी भिंत म्हणजे स्टिअरिंगला झटपट प्रतिसाद, पण ग्रिप सुटतानाची सूचना उशिरा मिळते आणि खड्ड्यात रिम वाकते. थोडी उंच भिंत सुटण्याआधी सांगून सुटते. शिकणाऱ्यासाठी दुसरी चांगली.

रिमची रुंदी

प्रत्येक टायरला चालणाऱ्या रिमच्या रुंदीचा एक पट्टा ठरलेला असतो. तो टायर कंपनीच्या तक्त्यात मिळतो. २२५/४५ आर१७ साठी ७ ते ८.५ इंच, २४५/४० आर१७ साठी ८ ते ९.५ इंच. हँडलिंगसाठी पट्ट्याच्या मधोमध किंवा थोडं वर राहा. रिम अरुंद असली की टायरचे खांदे आत दबतात, भिंत वळणात डुलते आणि स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी क्षणभर थांबून मग वळते. रिम फार रुंद असली की टायर ताणला जातो, आणि ते दिसायला कितीही भारी वाटलं तरी रिमच्या कडेला काहीच संरक्षण उरत नाही. रिम अर्धा इंच रुंद केली की तोच टायर सुमारे ५ मि.मी. फुगतो, हेही हिशोबात धरा.

ब्रेक मावतील तेवढीच मोठी रिम

रिमच्या व्यासाचं एकच खरं तांत्रिक कारण आहे: आत ब्रेकची डिस्क आणि तिला चिमटीत धरणारा कॅलिपर मावले पाहिजेत. मोठे ब्रेक बसवायचे असतील तर मोठी रिम लागेल. तसं नसेल तर हँडलिंगसाठी मोठी रिम शोधण्याची गरज नाही. मोठी रिम साधारणपणे जड असते, आणि ते वजन स्प्रिंगच्या खालचं असतं. खडबडीत वळणात जड चाक रस्ता सोडतं तेव्हा त्याला परत खाली आणायला शॉक अॅब्सॉर्बरला वेळ लागतो. तेवढा वेळ टायरची ग्रिप कमी असते.

वजन चाकात कुठे आहे हेही महत्त्वाचं. वेग घेताना चाक पुढेही जातं आणि फिरतंही. टायरच्या ट्रेडमधला, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्यातला, एक किलो वेग घेताना गाडीतल्या जवळजवळ दोन किलोंइतका जाणवतो, रिमच्या कडेवरचा साधारण दीड किलोइतका. म्हणून रिम घेण्याआधी तिचं वजन विचारा, आणि टायरचंही विचारा. एकाच मापाच्या दोन टायरमध्ये किलोभराचा फरक सहज सापडतो. रिममध्ये ओतीव सगळ्यात स्वस्त आणि जड, फ्लो-फॉर्म्ड (ओतून मग कडा दाबून लांबवलेली) मधली, फोर्ज्ड (धातू दाबून घडवलेली) हलकी, मजबूत आणि महाग. नव्याने सुरुवात करणाऱ्याला फ्लो-फॉर्म्ड रिम बहुतेक वेळा पुरते. कोणतीही घ्या, एका चाकासाठीची भारक्षमता तिच्यावर लिहिलेली असायला हवी. नामांकित रिमची हुबेहूब स्वस्त नक्कल घेऊ नका. वळणात तुटलेली रिम म्हणजे जिवाशी खेळ आहे.

आपल्या उदाहरणात मी १८ इंचांकडे वळणारच नाही. १७ x ८.५ रिम आणि २४५/४० आर१७ टायर, किंवा १७ x ८ आणि २३५/४५ आर१७. रुंदी मिळाली, आणि वजनात फारशी भर पडली नाही.

ऑफसेट: इथे घाई करू नका

रिमच्या रुंदीची मध्यरेषा आणि हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बोल्टने आवळतात त्याला) टेकणारा सपाट भाग यांच्यातलं अंतर म्हणजे ऑफसेट. ईटी४५ म्हणजे हा भाग मध्यरेषेपासून ४५ मि.मी. बाहेरच्या बाजूला आहे. आकडा कमी केला की चाक बाहेर येतं, वाढवला की आत जातं.

हिशोब करून बघू. मूळ रिम ७.५ इंच, ईटी४५. नवी ८.५ इंच, ईटी४०. रुंदी एक इंचाने वाढली, म्हणजे दोन्ही बाजूंना १२.७ मि.मी. ऑफसेट ५ ने कमी झाला, म्हणजे सगळं चाक ५ मि.मी. बाहेर सरकलं. आतल्या बाजूला १२.७ वजा ५, म्हणजे रिमची कड ७.७ मि.मी. आत येईल. बाहेरच्या बाजूला १२.७ अधिक ५, म्हणजे १७.७ मि.मी. बाहेर. टायर २० मि.मी. रुंद झाला, प्रत्येक बाजूला १०. त्याची भिंत आत ५ मि.मी. आणि बाहेर १५ मि.मी. सरकेल. हे चार आकडे कागदावर लिहा. यापुढची सगळी मोजणी त्यांच्यावरच चालते.

ऑफसेट फार कमी केला की चाक मडगार्डच्या बाहेर येतं. त्याला अनेक देशांत कायद्याने मनाई आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे स्टिअरिंगचा स्वभाव बदलतो. स्टिअरिंगचा अक्ष जमिनीला जिथे टेकतो आणि टायरच्या ठशाचा मध्य जिथे असतो, त्यांच्यातलं अंतर वाढतं. मग खड्डा लागला की स्टिअरिंग हातात उडतं, ब्रेक लावताना गाडी बाजूला ओढते आणि व्हील बेअरिंगवर जादा जोर येतो. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या ताकदवान गाडीत हे फारच जाणवतं. मूळ ऑफसेटपासून ५ ते १० मि.मी.च्या आत राहिलात तर गाडीचा मूळ स्वभाव बराचसा टिकतो.

पीसीडी, म्हणजे बोल्टच्या वर्तुळाचं माप, हुबेहूब जुळायला हवं. ५ x ११२ आणि ५ x ११४.३ डोळ्यांना सारखेच दिसतात, पण अदलाबदल चालत नाही. मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल तर योग्य मापाची रिंग घाला, नाहीतर चाक थरथरतं. नटची बैठक, शंकूसारखी की गोलाकार, रिमशी जुळते का तेही बघा. नट निदान बोल्टच्या जाडीएवढा तरी आत गेला पाहिजे: १.५ मि.मी. आटे असलेल्या १२ मि.मी. बोल्टवर पूर्ण आठ फेरे.

विकत घेण्याआधी गाडीखाली जाऊन मोजा

गाडी सपाट जागी जॅकवर घ्या, स्टँड लावा, आणि जुन्या चाकासकट मोजा. टायरच्या आतल्या भिंतीपासून सस्पेन्शनच्या नळीपर्यंत किती जागा आहे? ही नळी चाकाबरोबरच वरखाली होते, म्हणून नव्या चाकानंतरही ५ मि.मी. उरले तरी चालतं. चाकाच्या तुलनेत हलणाऱ्या भागांशी, म्हणजे मडगार्डचं आतलं अस्तर, पत्र्याची कड, ब्रेकची नळी यांच्याशी, १० मि.मी.पेक्षा जास्त जागा हवी. स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पुन्हा बघा. मूळ जागी मोकळं दिसणारं चाक पूर्ण वळवल्यावर अस्तराच्या मागच्या कोपऱ्यात घासतं, हे फार वेळा होतं.

मुलांच्या खेळण्यातली चिकणमाती इथे कामाला येते. पत्र्याच्या आतल्या कडेला तिच्या छोट्या गोळ्या चिकटवा आणि गाडी हळू, उंचसखल रस्त्यावरून दोन माणसं बसवून फिरवून आणा. परत आल्यावर गोळ्या किती दबल्या ते मोजा. जुन्या चाकाने उरलेली जागा कळली की कागदावरचे चार आकडे त्यातून वजा करायचे. बाहेर १५ मि.मी. हवेत आणि गोळी १२ मि.मी. जाडीपर्यंत दबली असेल, तर उत्तर मिळालंच: ऑफसेट वाढवा किंवा टायर २३५ चा घ्या. कॅलिपरसाठी रिम विकणाऱ्याकडून कागदी साचा मागून घ्या. स्पोकच्या आतल्या बाजूला निदान ३ मि.मी. मोकळे हवेत.

पुढे आणि मागे वेगळं माप हवं का?

मागच्या चाकांनी चालणाऱ्या ताकदवान गाड्यांना मागे रुंद टायर देतात, कारण त्यांना वळणाबरोबर ताकदही जमिनीत उतरवायची असते. त्यामुळे मागचा भाग धरून राहतो आणि मर्यादेवर गाडी आधी पुढून सरकते. होंडा एस२००० मध्ये हे बघायला मिळतं. सुरुवातीला पुढे २०५ आणि मागे २२५ होते, पुढच्या आवृत्तीत पुढे २१५ आणि मागे २४५ झाले. मागचा भाग शांत करण्यासाठी सस्पेन्शनमध्येही तेव्हा बदल केले होते.

गाडी कंपनीनेच वेगळी मापं दिली असतील तर सुरुवातीला तेच प्रमाण ठेवा. चारही मापं सारखी केली की गाडी जास्त चपळ होते, आणि चालवणारा तयार नसेल तर मागून सुटते. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीला चारही सारखी उत्तम. टायरची अदलाबदल करता येते, त्यामुळे झीज सारखी होते. कोणत्याही गाडीत दोन चांगले आणि दोन झिजलेले टायर असतील तर चांगले मागे, हे पक्कं.

बसवल्यावर

हबचा गंज तारेच्या ब्रशने साफ करून मगच चाक लावा. नट आधी हाताने, मग ताऱ्याच्या क्रमाने, शेवटी टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळा. ५० ते १०० कि.मी. चालवल्यावर पुन्हा तपासा. नव्या टायरला सुरुवातीचे काहीशे कि.मी. सौम्य चालवा. टायर बनवताना लागलेला गुळगुळीत थर अजून गेलेला नसतो. व्हील अलाइनमेंट नव्याने करून घ्या, कारण रुंद टायरवर चुकीचा कॅम्बर (चाकाचा आत किंवा बाहेर असलेला कल) आतली किंवा बाहेरची कड लवकर खातो.

हवा स्टिकरवरच्या आकड्यापासून सुरू करा. जादा भाराचे, एक्सएल लिहिलेले टायर घेतले असतील तर टायर कंपनीच्या तक्त्यात तेवढ्याच भाराला किती हवा लागते ते पाहा. ती बहुधा थोडी जास्त असते. हवा नेहमी थंड टायरमध्ये मोजा. तापमान १० अंशांनी वाढलं की दाब साधारण ०.१ बारने वाढतो.

रेस ट्रॅकवर किंवा परवानगी असलेल्या मोकळ्या जागी नेणार असाल तर ट्रेडच्या कडेपासून भिंतीवर खडूच्या आडव्या रेघा ओढा. बऱ्याच टायरवर खांद्यापाशी छोटा त्रिकोण असतो, रेघ तिथून खाली न्या. चार-पाच फेऱ्या मारून थांबा आणि खडू कुठपर्यंत पुसला गेलाय ते बघा. त्रिकोणाच्या खाली पुसला असेल तर टायर भिंतीवर लोळतोय, ०.१ बार हवा वाढवा. त्रिकोणापर्यंतही पोचला नसेल तर तेवढीच कमी करा, पण स्टिकरवरच्या आकड्याच्या फार खाली जाऊ नका, आणि घरी परतताना हवा पुन्हा पूर्ववत भरा. पुढचे आणि मागचे टायर वेगवेगळे तपासा. खडू त्रिकोणापाशी थांबायला लागला की त्या दिवसाचं तापमान आणि चारही टायरमधली थंड हवा वहीत टिपून ठेवा. पुढच्या वेळी मोजणी तिथूनच सुरू करायची.